ऑक्टोबरमध्ये माद्रिदला जाणार आहे. खास खाण्यासाठी स्पेनमधल्या एखाद्या छोट्या गावात दोन दिवस काढायचे आहेत. शाकाहारी माणसाने कुठे जावं?

हाराइस दे ला वेराला जा. एस्त्रेमादुरा भागात, ग्रेदोस डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेलं हे गाव पिमेंतोनसाठी, म्हणजे धुरावलेल्या मिरचीपुडीसाठी, ओळखलं जातं. तुम्ही नेमके मिरचीच्या हंगामात जाताय, हे फार चांगलं झालं.

आपल्याकडे मिरची उन्हात गच्चीवर वाळते. ला वेरा या परिसरात मिरची तोडायच्या सुमारासच पावसाळी, दमट हवा सुरू होते आणि उन्हाचा भरवसा राहत नाही, म्हणून ती धुरावर वाळवतात. वाळवणघर दुमजली असतं. खाली ओकच्या लाकडांचा मंद विस्तव, वर फटी ठेवलेल्या लाकडी फळ्यांवर मिरच्यांचा जाड थर. दहा-पंधरा दिवस हे चालतं आणि रोज कुणीतरी वर चढून तो अख्खा थर खालीवर करतं. मी आत डोकावलो तर मिनिटभरात डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिथली माणसं हे काम रोज करतात, आणि त्यांच्या कष्टांची चव त्या पुडीत लागते असं मला मनापासून वाटतं. जेवणाआधी वाळवणघर बघायला मिळतं का, हे गावात जरूर विचारा. गावच्या मुख्य चौकात पिमेंतोनचं संग्रहालयही आहे.

आता शाकाहाराचं. पातातास रेवोल्कोनास हा लसूण-पिमेंतोन घातलेला कुस्करलेला बटाटा तुम्हाला आवडेलच, पण त्यावर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात आणि फोडणीही बऱ्याचदा त्याच चरबीची असते. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण हॅमला तिथे बरेच जण मांसात धरत नाहीत. ‘सिन हामोन, सिन तोसिनो’ (हॅम नको, डुकराची चरबी नको) असं स्पष्ट सांगा आणि ऑलिव्ह तेलात करून मागा. तोर्ता देल कासार हे मेंढीच्या दुधाचं मऊ चीज मिळालं तर सोडू नका. ते प्राणिज रेनेटऐवजी, म्हणजे जनावराच्या पोटातून काढलेल्या विरजणाऐवजी, एका काटेरी रानफुलाने विरजतात.

गावात रेल्वे नाही, गाडी भाड्याने घेतलेली बरी. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊच्या पुढे. युस्तेचा मठ जवळच आहे. सम्राट पाचवा चार्ल्स तिथेच 1558 मध्ये वारला.

पिमेंतोनचे गोड, आग्रिदुल्से (मध्यम तिखट) आणि तिखट असे तीन प्रकार मिळतात. आग्रिदुल्से घ्या, आमटीत छान लागतं. मात्र कडकडीत तेलात टाकू नका, लगेच करपून कडू होतं.