मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम-कॅल्शियमच्या एकाच नमुन्यात चार फेज (वेगवेगळ्या रचनेचे भाग) दिसतात, हा समतोल, म्हणजे आणखी न बदलणारी स्थिती, मानायचा का?

४०० अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवलेल्या नमुन्यात मॅग्नेशियमसोबत सी-१४ (मॅग्नेशियम-कॅल्शियमची), सी-३६ (तिन्ही धातूंची) आणि सी-१५ (ॲल्युमिनियम-कॅल्शियमची) या तिन्ही लाव्हेस फेज, म्हणजे अणूंची ठरावीक मांडणी असलेली संयुगं, दिसल्या, असं तुम्ही लिहिलंय. तो समतोल धरू नका. घटक तीन, दाब आणि तापमान दोन्ही ठरलेले. गिब्जच्या फेज नियमाने अशा वेळी समतोलात तीनच्या वर फेज एकत्र राहू शकत नाहीत. नेमकं ४०० अंशांनाच चार फेजची अभिक्रिया असेल तरच अपवाद, आणि तसा योगायोग गृहीत धरून फेजचा आलेख (कोणत्या प्रमाणाला आणि तापमानाला कोणत्या फेज असतात ते दाखवणारा) काढता येत नाही.

माझा पहिला संशय सी-३६ वर. ॲल्युमिनियमच्या मानाने कॅल्शियम कमी असेल तर ओतकामात ती सहज तयार होते आणि तापवत ठेवल्यावर सावकाश सी-१५ मध्ये बदलत जाते. त्याच मिश्रधातूचा दुसरा तुकडा बराच जास्त काळ भट्टीत ठेवा. तिचं प्रमाण घटलं तर उत्तर मिळालं.

पण त्याआधी ओळख पक्की करा. या तिन्ही रचना त्याच थरांच्या वेगवेगळ्या रचणीतून बनतात, त्यामुळे क्ष-किरण विवर्तनात त्यांची बरीच शिखरं एकमेकांवर येतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या ईडीएसचा (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणारी पद्धत) सिग्नल साधारण एक मायक्रॉनच्या परिसरातून येतो. युटेक्टिकमधली (द्रव गोठताना एकदम तयार झालेल्या फेजच्या बारीक मिश्रणातली) पट्टी त्याहून बारीक असेल तर येणारा आकडा शेजारच्या मॅग्नेशियमसकट असतो, फेजचा नव्हे. अशा ठिकाणी टीईएममधलं (पातळ नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार सोडणाऱ्या सूक्ष्मदर्शकातलं) विवर्तन घेतल्याशिवाय मी फेजला नाव देत नाही.

आता मॅग्नेशियमची वाफ. ते ६५० अंशांना वितळतं आणि त्याआधीच उडायला लागतं, म्हणून वजन करून टाकलेलं प्रमाण आलेखावर मांडू नका. ओतल्यानंतर आयसीपीने (नमुना विरघळवून प्लाझ्मात करायचं रासायनिक विश्लेषण) मोजा. नमुना उघडाच क्वार्ट्झच्या नळीत सील केला असेल तर वाफ सिलिकाशी अभिक्रिया करते आणि नळी आतून काळी पडते. टँटलमच्या पत्र्यात गुंडाळून, आर्गॉन भरून मगच सील करा.

पाण्यात क्वेंच केल्यावर, म्हणजे झटकन थंड केल्यावर, वरची साल कापून टाका, पॉलिश मात्र शेवटपर्यंत इथेनॉलवरच. सी-१४, म्हणजे इथे मॅग्नेशियम-कॅल्शियमचं संयुग, पाण्याने झपाट्याने खराब होतं आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात. तुमच्या फोटोंतले काळे ठिपके तेच असावेत. ते पाचवी फेज म्हणून मोजू नका.