वाचकांचे प्रश्न : साग लावताय? आधी बी कोणाचं ते विचारा

प्रश्न : सिमरोलच्या पुढे चोरलकडे आमची तीन एकर मुरमाड जमीन आहे. बांधावर आजोबांच्या वेळचा साग आहे, एका माणसाच्या कवेत मावत नाही. दरवर्षी ढिगाने बी पडतं. त्याचीच रोपं केली तर जातिवंत निघतील ना?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : त्या झाडाला हात जोडा, बी मात्र त्याचं घेऊ नका. बांधावरच्या एकट्या झाडाला चारी बाजूंनी ऊन मिळतं, शेतातलं खतपाणी मिळतं. त्याचा घेर ही बरीचशी त्या जागेची कमाई. खोडाचा सरळपणा पुढच्या पिढीत जितका उतरतो तितकी जाडी उतरत नाही.

दुसरी गोष्ट फुलोऱ्याची. सागाचा तुरा शेंड्यावर येतो. मुख्य शेंड्याला तुरा आला की तो शेंडा तिथेच संपतो, खालून दोन फांद्या वर निघतात आणि बेचकं पडतं. सहाव्या वर्षी फुललेला साग सहा वर्षांच्या उंचीवरच फाटतो. उशिरा फुलणाऱ्याचा सोट उंच जातो. लवकर फुलण्याची ही खोड वारशाने येते. आणि बी आपण गोळा करतो कुठून? जिथे हात पोचतो आणि पुष्कळ पडतं तिथून, म्हणजे नेमकं बुटक्या, फाट्याफाट्यांच्या झाडांचं.

शिवाय साग स्वतःचा पराग फारसा स्वीकारत नाही. आसपास दुसरा साग नसेल तर तुमच्या ढिगातली बरीच फळं पोकळ असणार. खात्री करायची तर ५० फळं अडकित्त्याने आडवी कापून पाहा. मधल्या पोकळीभोवती चार कप्पे दिसतात. पांढरा, टपोरा गर असलेला कप्पाच उगवणार. निम्म्या फळांत गर नसेल तर तो ढीग चुलीत घाला.

चांगलं झाड निवडायचं ते एकाच वयाच्या दाट रोपवनात, जिथे सगळ्यांना सारखीच माती आणि सारखंच ऊन मिळालं आहे. पसंत पडलेल्या झाडाची तुलना शेजारच्या पाच सर्वांत दांडग्या झाडांशी करा : उंची, छातीच्या उंचीवर (१.३७ मीटर) घेर, पहिल्या फांदीपर्यंतचं स्वच्छ खोड, पीळ किंवा खोलगट पन्हळी आहेत का, फांद्या बारीक आणि आडव्या आहेत का. अशी निदान २०–२५ झाडं, एकमेकांपासून शंभरेक मीटर दूर, म्हणजे सगळी एकाच आईची निघणार नाहीत. प्रत्येकाचं बी सारख्या मापाने मिसळा. हे वनखात्याच्या परवानगीशिवाय करू नका. त्यापेक्षा सोपं म्हणजे खात्याच्या रोपवाटिकेत जाऊन (महूजवळ बडगोंद्याला एक आहे) रोपं बीजोद्यानातल्या (निवडक झाडांच्या, बियांसाठीच राखलेल्या बागेतल्या) बियांची आहेत की इकडून तिकडून गोळा केलेल्या, हे सरळ विचारणं.

बी घरी रुजवणार असाल तर आदल्या वर्षीचं घ्या. ताजं बी झोपलेलं असतं. पोत्यात घासून वरचं कागदी वेष्टण काढा. मग १२ तास पाण्यात, १२ तास उन्हात, असं आठ-पंधरा दिवस. एप्रिल-मेमध्ये वाफ्यात पेरा. उगवण दोनेक आठवड्यांनी सुरू होते आणि महिना-दोन महिने रेंगाळते, म्हणून वाफा लवकर मोडू नका. पुढच्या जूनमध्ये अंगठ्याएवढ्या जाड रोपांचे स्टंप करा : वर खोड २–३ सेंटिमीटर, खाली मूळ १५–२० सेंटिमीटर. पहिला दमदार पाऊस झाला की पहारीने भोक पाडून लावा आणि बाजूची माती टाचेने घट्ट दाबा. पोकळी राहिली की स्टंप वाळतो. काळ्या मातीत पाणी साचतं, तिथे हा खटाटोप करूच नका.

प्रश्न : एक नर्सरीवाला म्हणतो, टिश्यू कल्चरचा साग बारा वर्षांत विकायला तयार. खरं?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : टिश्यू कल्चर ही झाडाच्या बारीक तुकड्यापासून प्रयोगशाळेत त्याची नक्कल काढायची पद्धत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ती सागावर यशस्वी केल्याचं १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. नक्कल मूळ झाडाइतकीच चांगली किंवा वाईट, म्हणून नर्सरीवाल्याला तीन गोष्टी विचारा : मातृवृक्ष कुठला, क्लोन (एकाच झाडाच्या नकलांचा वाण) किती, आणि माळव्यात चाचणी कुठे झाली. बारा वर्षांत खोड जाड होईलही, पण त्यात पांढरं कच्चं लाकूड जास्त, गाभ्याचं पक्कं कमी. सुताराला विचारा, तो तुम्हाला भाव सांगेल.

एकाच क्लोनचं रान तर मुळीच नको. निलगिरीवर गाठी करणारी एक परदेशी गांधीलमाशी २००१ च्या सुमारास दक्षिण भारतात शिरली. काही क्लोनची पानं आणि कोवळे शेंडे गाठींनी भरून गेले, काहींना फारसं काही झालं नाही. शेतात आठ-दहा क्लोन मिसळलेले असतील तर अशा वेळी निदान काही रांगा हाती राहतात.

प्रश्न : उन्हाळे कडक होत चाललेत. केरळातल्या निलंबूरचं नामांकित बी आणावं की इकडचंच?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : निलंबूरला २,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडे ९००–१,००० आणि पुढे सात-आठ महिने कोरडे. तिथला साग तिथल्या पावसाला सरावलेला आहे. मोठा भाग विंध्य-सातपुड्यातल्या बियांचाच ठेवा. पुढच्या तापमानाची तजवीज म्हणून पाव हिस्सा निमाड किंवा झाबुआसारख्या जास्त उष्ण, कोरड्या भागातला घ्या. तिकडची वेडीवाकडी झाडं बघून नाक मुरडू नका. त्यात चराई, वणवा आणि तोड यांचाही हात असतो. बी घेताना मात्र सरळच झाड निवडा. एक धोका आहे : निमाडी रोपांना माळव्यातल्या जानेवारीच्या पाल्याची (गोठणाऱ्या दवाची) सवय नसते. ती सखल खोलगट जागी लावू नका, थंड हवा तिथेच साचते.

प्रत्येक रांगेला पत्र्याची पट्टी अडकवून बियाणं कुठलं ते लिहा आणि तिसऱ्या व पाचव्या वर्षी घेर मोजा. २ × २ मीटरवर लावलं असेल तर पाच-सहा वर्षांनी विरळणी करावीच लागते. तेव्हा बेचकं पडलेली आणि लवकर फुललेली झाडं आधी काढा, पुढे उरलेल्यांचं बी घेता येईल. विरळणी पावसाळ्याआधी उरका, कारण सागाचा फुलोरा जूनपासून सुरू होतो आणि नको असलेला पराग एकदा पसरला की त्या वर्षीचं बी गेलं. साग तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक पास लागतो, तेव्हा झाडांची नोंद खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) आजच करून घ्या.