शिकागोत नुकतेच आलोय, घरात सगळे शाकाहारी. कोपऱ्यावरच्या छोट्या मेक्सिकन हॉटेलात आम्हाला काय खाता येईल?

पोटभर खाता येईल. फक्त ऑर्डर देण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: बीन्समध्ये (राजम्यासारखं कडधान्य) 'मान्तेका' आहे का? मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. जुन्या पद्धतीत बीन्स शिजवून, घोटून याच चरबीत परततात. मेनूत तसं लिहिलेलं नसतं, कारण त्यांच्या लेखी ती फोडणी, मांस नव्हे. मी इथे आल्यावर चार महिने दर शुक्रवारी बीन्सचा बरीटो (सारण भरून गुंडाळलेली मैद्याची पोळी) खात होते. कळलं त्या रात्री जेवण गेलं नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे आधी सांगतेय.

तांबडा भातही बरेचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. नुसतं 'सिन कार्ने', म्हणजे 'मांस नको', म्हणून भागत नाही, कारण 'कार्ने' म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे गोमांसच येतं. कोंबडी नको, तिचं पाणी नको, चरबी नको, असं एकेक सांगा. कोणी वाईट वाटून घेत नाही.

तोर्तिया, म्हणजे त्यांची पातळ पोळी, मक्याचीच मागा. मैद्याच्या तोर्तियात चरबी असू शकते. मक्याचीत मका, पाणी आणि चुना एवढंच. हो, चुना! मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, मग साल सुटते आणि दळलेल्या पिठाला चिकटपणा येतो. आपल्याला मक्याच्या भाकरीसाठी कढत पाणी घालून पीठ मळावं लागतं, तरी ती थापताना चिरते. ही चिरत नाही. पिल्सेन या शिकागोतल्या मेक्सिकन वस्तीत 18व्या रस्त्यावर मी जाते तिथे एक मावशी गोळा दाबून तव्यावर टाकतात, दुसऱ्यांदा उलटली की बोटांनी हलकेच दाबतात आणि तोर्तिया टम्म फुगते. पापुद्रा सुटलेली भाकरी बघितल्याचा आनंद होतो मला.

त्यात भरायला 'राहास' मागा. पोब्लानो मिरच्या आपण भरताचं वांगं भाजतो तशा जाळावर भाजून, साल काढून उभ्या चिरतात, वर कांदा आणि साय. 'नोपालेस' मिळाले तर सोडू नका: काटे काढलेली निवडुंगाची पानं, भेंडीसारखी बुळबुळीत, किंचित आंबट. भोपळ्याच्या फुलांची केसादियाही (चीज भरून, दुमडून भाजलेली तोर्तिया) छान. या तिन्ही त्यांच्या घरच्या भाज्या आहेत, शाकाहाऱ्यांसाठी केलेली तडजोड नव्हे, म्हणून चव खरी लागते. चिप्सचं तेल मात्र विचारा, मांस तळलेल्या कढईतलं असू शकतं.

प्यायला 'हामाइका' घ्या. लालभडक, आंबटगोड, गार. पहिल्या घोटालाच ओळखाल: लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत.