नव्या डिझेल गाडीला परफॉर्मन्स एअर फिल्टर बसवून फायदा होतो का? गाडी रोज पुण्यातच चालते.

नका बसवू. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डिझेलची ताकद इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, किती डिझेल सोडतो त्यावर ठरते. हवा गरजेपेक्षा जास्तच असते आणि चांगल्या कागदी फिल्टरचा किरकोळ अडथळा टर्बो सहज भरून काढतो. रीमॅप, म्हणजे इसीयूच्या सेटिंगमध्ये बदल, केलेला नसेल तर पिकअपमध्ये जाणवण्यासारखा फरक पडत नाही, फक्त हवा ओढल्याचा आवाज वाढतो.

मला काळजी वाटते ती धुळीची. वाघोली, चाकण, हिंजवडीकडे बांधकामं आणि डंपर कायमचेच. परफॉर्मन्स फिल्टर बहुतेक तेल लावलेला कापडी असतो; तो हवा मोकळी सोडतो, तशी बारीक धूळही सहसा जास्त सोडतो. ती टर्बोची पाती, सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा झिजवते, आणि हे नुकसान लगेच दिसत नाही. शिवाय धुतल्यावर तेल जरा जास्त झालं तर ते एअर फ्लो सेन्सरवर जमतं, हवेचं माप चुकतं आणि बीएस-६ गाडीत चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. वॉरंटीचा वाद वेगळाच.

त्यापेक्षा कंपनीचाच कागदी फिल्टर मॅन्युअलमध्ये धुळीच्या भागासाठी दिलेल्या अंतरावर बदला. गॅरेजवाल्याला कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने तो साफ करू देऊ नका, कागद फाटू शकतो. बदलताना फिल्टरच्या डब्याचं रबर सील नीट बसलंय का, तेही बघा.