वाचकांचे प्रश्न : कुत्र्यासह कोकणच्या पुळणीवर

प्रश्न : आमच्याकडे सिंबा नावाचा साडेतीन वर्षांचा लॅब्रेडॉर आहे. डिसेंबरच्या सुट्टीत त्याला घेऊन चार दिवस दापोलीच्या बाजूला जावे, असे आम्ही ठरवतो आहोत. लंडनला राहणारी माझी बहीण सांगते, की तिकडे कुत्र्यांना कोणत्या किनाऱ्यावर परवानगी आहे, याच्या पाट्याच असतात. आपल्याकडचे असे ‘डॉग-फ्रेंडली’ किनारे कोणते? सिंबाने आजवर समुद्र पाहिलेला नाही.
— एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या बहिणीने सांगितले ते खरेच आहे. ब्रिटनमधल्या अनेक किनाऱ्यांवर उन्हाळ्याच्या गर्दीत कुत्र्यांना मज्जाव असतो आणि हिवाळ्यात तीच वाळू त्यांना मोकळी होते. आपल्या कोकणात अशी वाटणी रूढ नाही. त्यामुळे किनाऱ्यांची यादी देण्यापेक्षा कोणत्या तिथीला, किती वाजता आणि पुळणीच्या कोणत्या टोकाला जावे, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. एक अपवाद मात्र आधीच सांगतो. 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या ज्या पाच किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले, त्यांत आपल्या वाटेवरचे लाडघर आहे. श्रीवर्धन, नागाव, गुहागर आणि डहाणूचा पारनाका हे उरलेले चार. या मानांकनाच्या निकषांत पाळीव प्राण्यांच्या वावरावर कडक नियंत्रण ठेवण्याची अट आहे. मानांकन सहसा किनाऱ्याच्या ठरावीक पट्ट्यापुरते असते, पण त्या पट्ट्यात सिंबाला नेऊ नये हेच बरे. सर्वांत स्वच्छ म्हणून गाजलेला किनारा कुत्र्याला सर्वांत सोयीचा असेल, हा आपला सर्वांचा समज म्हणूनच थोडा बाजूला ठेवावा लागतो.

आता तिथीविषयी. कोकणातल्या जुन्या माणसांचा ठोकताळा असा, की तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी आणि जो आकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती असते, असे समजावे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीचा बेत आखायला हा हिशेब पुरतो. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. याचा अर्थ असा, की पौर्णिमा किंवा अमावास्या (तिथीचा आकडा पंधरा) आणि तिच्यानंतरचे दोन-तीन दिवस ओहोटी साधारणपणे सकाळी साडेपाच ते आठ या वेळात येते आणि संध्याकाळीही त्याच घड्याळात येते. ऊन नसते, आणि दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्यासारख्या मंद उताराच्या पुळणीवर ओली, दाबून बसलेली वाळू लांबवर उघडी पडते. कुत्र्याच्या पायांना याहून चांगली जागा मिळणार नाही. उलट अष्टमीच्या आसपास सकाळ-संध्याकाळ पाणी सुरूच्या बनाच्या दिशेने वर आलेले असते आणि ओहोटी भर दुपारी येते, म्हणजे नेमकी जेव्हा कुत्र्याने सावलीत झोपलेले असावे तेव्हा. तेव्हा हॉटेलच्या आरक्षणाआधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहावी.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाण्याला ओढ जास्त असते, हे त्याच हिशेबाचे दुसरे अंग आहे. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळपास निम्मे पाणी चढते, त्यामुळे घटकाभरापूर्वी घोट्याएवढे असलेले पाणी बघता बघता कमरेशी येते. खाडीचे मुख जिथे समुद्राला मिळते, तिथे, उदाहरणार्थ आंजर्ल्याच्या किंवा केळशीच्या खाडीजवळ, कुत्र्याला पाण्यात सोडू नये. लॅब्रेडॉर जातीचा कुत्रा पोहतो म्हणून तो ओढीतून बाहेर येतोच असे नाही. उलट तो चेंडूमागे न थांबता जातो, हीच त्याची अडचण असते. दहा-बारा मीटरचा साधा सुती दोर सोबत ठेवावा आणि पट्ट्याऐवजी छातीच्या हार्नेसला बांधावा. पहिल्या दिवशी सिंबाला पाण्यात ओढत नेऊ नये. लाटेचा आवाज आणि पायाखालून सरकणारी वाळू या दोन्ही गोष्टी त्याला नव्या असतील; त्याने स्वतः पाय भिजवेपर्यंत आपण काठावर बसून राहावे.

दवाखान्यात सहलीवरून परतलेल्या कुत्र्यांची जी तक्रार मी सर्वाधिक ऐकतो, ती बुडण्याची किंवा चावण्याची नसून उलट्या-जुलाबांची असते. तिचे कारण खारे पाणी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असते. कुत्रा तहानेने ते पितो, शिवाय तोंडात चेंडू धरून पोहताना प्रत्येक खेपेला घोटभर पाणी गिळतो. माझ्या स्वतःच्या कुत्रीच्या बाबतीत मी ही चूक केलेली आहे. पहिल्याच सकाळी तासभर तिच्याकडून चेंडू आणवला, तिची हौस पाहून आम्हीही खूश झालो, आणि मग रात्रभर त्या बिचाऱ्या घरमालकांच्या शेणाने सारवलेल्या पडवीत बादली आणि फडके घेऊन बसलो. व्यवसायाने पशुवैद्य असलेल्या माणसाला यात लाज वाटण्यासारखे पुष्कळ होते. थोड्या पाण्याने पोट बिघडते. जास्त पाणी गेले तर कुत्रा झोकांड्या खातो, थरथरतो, त्याला आकडीही येऊ शकते, आणि अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता तातडीने डॉक्टरांकडे न्यावे लागते. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला पाण्याबाहेर बोलावून बाटलीतले गोडे पाणी द्यावे. चेंडूऐवजी चपटी रबरी तबकडी वापरली तर तोंड कमी उघडे राहते आणि वाळूही कमी जाते.

वाळू पोटात गेली तर आतड्यात साचते, ही दुसरी गोष्ट. तिसरी म्हणजे खाणे. पुळणीवर कोळीवाड्यातल्या बायकांनी सुकत घातलेला जवळा आणि बोंबील हे त्यांचे वर्षाचे उत्पन्न असते. सिंबाला तो वास अर्ध्या किलोमीटरवरून येईल. अशा जागी दोर सोडूच नये, आणि हर्णै बंदरात मासळीचा लिलाव चालू असताना तर कुत्र्याला खोलीवरच ठेवावे. किनाऱ्याला लागलेला मेलेला मासा तोंडात घेऊ देऊ नये. अंग फुगवणारा केंड मासा विषारी असतो आणि जाळ्यातून फेकून दिलेल्या मासळीत तोही असू शकतो. खडकाळ टोकाकडे जाऊ नये, कारण खडकावरच्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. एखाद्या कुत्र्याच्या पंजाची गादी त्याने कापली, की उरलेली सहल लंगडत होते.

कोरड्या वाळूची परीक्षा सोपी आहे. हाताची मागची बाजू वाळूवर टेकवावी, सात सेकंद ठेवता आली नाही तर तिथे कुत्र्याने चालू नये. डिसेंबरातही साडेदहानंतर वाळू तापू लागते. लॅब्रेडॉरला निदान लांब नाक तरी असते. आखूड नाकाचा, म्हणून उन्हात लवकर धापा टाकणारा पग किंवा बुलडॉग असता, तर मी सकाळी नऊनंतर बाहेर काढूच नका, असे सांगितले असते. परतल्यावर गोड्या पाण्याने अंग आणि पंजे धुवावेत, कान कोरडे करावेत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का, ते पाहावे. निघण्यापूर्वी रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लशींची तारीख तपासावी, तसेच गोचिडांचे औषध आठवडाभर आधी सुरू करावे. राहण्याची जागा ठरवताना ‘कुत्रा चालेल का’ एवढेच विचारू नये. घरी स्वतःचा कुत्रा, मांजर, कोंबड्या, व्यालेली गाय आहे का आणि आवाराला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे का, हेही विचारावे. रात्री वाडीत पाय मोकळे करायला नेताना टॉर्च ठेवावा, रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांची, म्हणजे त्या छोट्या विषारी सापांची, कमतरता नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या किनाऱ्यावर दरवर्षी कासवे अंडी घालायला येतात. गेल्या दोन हंगामांत पर्यटक आपले कुत्रे पहाटे मोकळे सोडतात आणि काही म्हटले, की ‘तुमच्या गावातली कुत्री फिरतातच की’ असे उत्तर मिळते. त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, मंडणगड तालुका

उत्तर : त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. गावातली मोकाट कुत्री आणि कोल्हे हे कासवाच्या घरट्यांचे जुने शत्रू आहेत, आणि आपल्याच तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने अंडी कुंपणाच्या आत हलवायला सुरुवात केली, तीही घरटी उकरली जात आणि अंडी चोरीला जात म्हणूनच. पण गावातल्या कुत्र्याला मालक नाही, पाहुण्याच्या कुत्र्याला आहे, आणि फरक तिथे पडतो. इथे येणारे ऑलिव्ह रिडले कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. घरटे उद्ध्वस्त झाले तर ‘कुत्र्याने केले’ या सबबीने मालकाची सुटका होईल असे त्याने गृहीत धरू नये.

आपण त्यांना कायद्याआधी वेळापत्रक सांगून पाहावे, असे मी सुचवेन. मादी रात्री येते, एका घरट्यात शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंडी घालते आणि खड्डा बुजवून पहाटेपूर्वी परत जाते. वाळूवर उरतो तो फक्त तिच्या पंखांचा, ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग, आणि त्यावरूनच कासवमित्र, म्हणजे घरट्यांची राखण करणारे गावकरी, घरटे शोधतात. कुत्रा त्या मागावर दहा वेळा पळाला, की तो माग पुसला जातो आणि घरटे न हलवता तसेच राहते. म्हणजे कुत्र्याने काहीही उकरले नाही तरी नुकसान झालेले असते. हे त्यांना बहुधा कुणी सांगितलेलेच नसते. पिले बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात आणि त्यांना पाण्यात सोडतात ते सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे नेमक्या त्याच वेळी, ज्या मी वरच्या पत्राच्या उत्तरात कुत्र्यांसाठी सुचवल्या आहेत. तेव्हा कोथरूडच्या वाचिकेलाही हेच सांगणे आहे. नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत घरट्यांच्या किनाऱ्यावर पहाटे जाऊ नये, माग तपासून कासवमित्र परत फिरल्यावर जावे, आणि दोर हातातून सोडू नये. कुंपणाजवळ तर कुत्र्याला नेऊच नये.

प्रश्न : आम्हाला गाडी चालवता येत नाही. दादरहून कणकवलीला रेल्वेने जाताना कुत्र्याला बरोबर नेता येते का?
— एक वाचक, दादर

उत्तर : येते, पण डब्यात सोबत न्यायचे असेल तर वातानुकूलित प्रथम वर्गातच, आणि दोन बर्थचे कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर असली तरच. कूपे मिळेल की नाही, हे आरक्षणाचा तक्ता तयार होताना ठरते. त्यामुळे आरक्षण झाल्यावर रेल्वेच्या आरक्षण अधिकाऱ्यांकडे लेखी विनंती करावी लागते. प्रवासाच्या दिवशी पार्सल कार्यालयात जाऊन कुत्र्याची सामानाच्या दराने नोंद करायची असते आणि लसीकरणाची नोंद व पशुवैद्याचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र हाताशी ठेवायचे असते. टू-टिअर, थ्री-टिअर, स्लीपर वा चेअर कारमध्ये कुत्र्याला नेता येत नाही. गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यातून पाठवता येते, पण कोकण रेल्वेचे बोगदे, अंधार आणि आठ-नऊ तासांचा आवाज यांची सवय नसलेल्या कुत्र्याला मी तसे पाठवणार नाही. शेजाऱ्यांपैकी कुणी गाडी नेणार असेल, तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, गाड्याही वाहून नेणारी रो-रो बोट हा सोपा मार्ग आहे. त्यात पाळीव प्राण्यांनाही नेता येते. कणकवली मात्र त्याने जवळ येत नाही. पहिल्यांदा कुत्र्याला घेऊन जायचे, तर अलिबागच्या बाजूचा एखादा दिवसभराचा किनारा पाहून यावा आणि कणकवलीचा बेत पुढच्या वर्षी करावा.