चित्रपटाचे विडंबन करताना परवानगी कुठे लागते?

आवडत्या हिंदी चित्रपटाचे वीस मिनिटांचे विडंबन मित्रांना घेऊन पुण्यात चित्रित केले, तर मूळ निर्मात्याची परवानगी लागेल का आणि ते चित्रपटगृहात दाखवता येईल का, असे आपण विचारले आहे. मी वकील नाही. परंतु हा उपद्व्याप आम्ही पाच जणांनी एकदा केलेला असल्यामुळे ठेच कुठे लागते, हे सांगू शकतो.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ने टीका आणि समीक्षा यांसाठी मूळ कृतीचा रास्त वापर मान्य केला आहे. ‘विडंबन’ हा शब्द मात्र त्यात नाही. १९९६ साली केरळ उच्च न्यायालयासमोर एका गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाचा वाद आला, तेव्हा मूळ कृतीतून किती आणि कोणत्या मोलाचे उचलले, कशासाठी उचलले आणि नवी कृती मूळ कृतीशी स्पर्धा करील का, या तीन बाबी पाहण्यात आल्या व निकाल प्रतिनाटकाच्या बाजूने लागला. आपली संहिता याच कसोट्यांवर घासून पाहावी. माझ्या समजुतीप्रमाणे, मूळ चित्रपटातल्या भाबडेपणाची थट्टा असेल तर तिला टीका म्हणता येते. त्यातले प्रसंग जसेच्या तसे घेऊन कर्वे रस्त्यावरच्या वाहतुकीवर विनोद केले, तर ते म्हणणे लंगडे पडते.

प्रत्यक्षात आम्ही अडलो ते दृश्यांपाशी नव्हे, तर ध्वनीपाशी. सर्व दृश्ये वेताळ टेकडीवर नव्याने चित्रित केली होती, पण संकलन करताना मोह आवरला नाही आणि मूळ चित्रपटाचे पार्श्वसंगीत खाली टाकले. यूट्यूबवर चित्रफीत चढवली आणि थोड्याच वेळात संगीताच्या हक्कधारकाचा दावा आला. तिथली यंत्रणा ध्वनी आणि दृश्ये आपोआप ताडून पाहते; जुळणी झाली की चित्रफीत रोखायची, तिच्यावरच्या जाहिरातींचे पैसे घ्यायचे की नुसती नजर ठेवायची, हे हक्कधारक ठरवतो. हेतू थट्टेचा होता की चोरीचा, हा प्रश्न त्या जुळणीत येतच नाही. दाव्याला हरकत घेता येते, पण आम्ही सरळ संगीतच काढले आणि एका मित्राच्या पेटीवर नवी धून बसवली, जी विडंबनाला अधिक शोभली, हे कबूल केले पाहिजे. संवादांचीही तीच गत झाली. टेकडीवरच्या वाऱ्याने आणि मोरांनी निम्मे संवाद गिळले होते, म्हणून खोलीच्या खिडक्या बंद करून, डोक्यावर गोधडी घेऊन, ओठांशी जुळवत ते पुन्हा बोललो. दोन दिवसांच्या चित्रीकरणाला डबिंगचे नऊ दिवस लागले. वेळेचा अंदाज बांधताना हे गणित ध्यानात ठेवा.

साधने तुटपुंजी असल्याची चिंता करू नका. मालेगावच्या नासिर शेख यांनी यंत्रमागाच्या त्या गावात ‘शोले’चे विडंबन स्थानिक हौशी कलावंतांना घेऊन केले, तिथल्या मंडळींनी क्रेनऐवजी बैलगाडी आणि ट्रॉलीऐवजी सायकल वापरली. मूळ चित्रपटाची फीत कापून न जोडता सारे नव्याने घडवायचे, एवढे त्यांच्याकडून जरूर घ्यावे.

आता चित्रपटगृहाविषयी. यूट्यूबला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागत नाही, परंतु चित्रपटगृहात जाहीर प्रदर्शन करायचे तर १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार ते लागते, मग लांबी वीस मिनिटे का असेना. त्यानंतर डीसीपी, म्हणजे डिजिटल प्रोजेक्टरला चालणारी प्रत, तयार करावी लागते. व्यावसायिक चित्रपटाची अशी प्रत सहसा कुलूपबंद असते आणि तिची किल्ली ठरावीक चित्रपटगृहासाठी, ठरावीक मुदतीपुरतीच दिली जाते. वितरक मिळवणे आणि शुक्रवारचे खेळ पदरात पाडून घेणे तर मोठ्या मराठी चित्रपटांनाही जड जाते. शिवाय तिकीट लावले की स्पर्धेचा आणि हेतूचा मुद्दा आपल्या विरोधात बोलू लागतो. तेव्हा नवे संगीत घालून चित्रफीत यूट्यूबवर विनामूल्य ठेवावी, आणि चित्रपटगृहाचा आग्रहच असेल तर आधी मूळ हक्कधारकाची लेखी परवानगी मिळवावी, असे मी सुचवेन.