समाधान मिळतं, होतं की मानायचं असतं?

प्रश्न असा आहे. दादरच्या रानडे रोडवर एका दुकानाच्या पाटीवर ‘खरेदीचे खरे समाधान’ असं लिहिलंय. विचारणाऱ्या ताईंच्या आई म्हणतात, समाधान विकत मिळत नाही, ते मानायचं असतं. पाटी चुकीची आहे. त्यात शेजारचे गुजराती काका समाधान म्हणजे तडजोड म्हणतात आणि ऑफिसातली हिंदी मंडळी समाधान म्हणजे उत्तर. मग खरा अर्थ कुठला?

आधी काका आणि ऑफिस यांचं बघू, ते सोपं आहे. सम् + आ + धा, म्हणजे नीट एका जागी ठेवणं. ‘समाधी’ही याच घडणीतला, त्यामुळे दोघं सख्खी भावंडं. वेदान्तात शम, दम वगैरे सहा गुणांची जी षट्संपत्ती सांगतात, त्यात ‘समाधान’ आहे आणि तिथे त्याचा अर्थ चित्त एका ठिकाणी स्थिर करणं असा आहे. वादात कोणी शंका काढली की तिचं उत्तर देऊन ती जागच्या जागी बसवायची, ते शंकासमाधान. हिंदीने हा उत्तराचा धागा उचलला. गुजरातीने दोन भांडणाऱ्यांना एका जागी आणण्याचा उचलला. मराठीत ठेवायची वस्तू राहिली ती मन.

म्हणून ‘आपल्या समस्येचे समाधान’ ही जाहिरात मराठी कानाला खटकते. समस्या सुटते, तिच्यावर तोडगा निघतो, तक्रारीचं निवारण होतं. समाधान होतं ते माणसाचं. सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘सचिवांच्या उत्तराने सभासदांचे समाधान झाले नाही’ असं इतिवृत्तात लिहितात, तिथेही असमाधानी असतात ते सभासद, पाण्याची टाकी नव्हे.

आता आईंचा मुद्दा. पाटीत व्याकरणाची चूक नाही. पण या शब्दाबरोबर कुठलं क्रियापद येतं यावर वाक्यात माणूस कुठे उभा राहतो ते ठरतं, आणि आईंनी नेमकं त्यावर बोट ठेवलंय. ‘मला समाधान मिळालं’ यात मी ‘मला’ आहे. मला पगार मिळाला, मला विंडो सीट मिळाली, तसंच हेही. देणारा बाहेर कुठेतरी आहे. ‘माझं समाधान झालं’ यात मी ‘माझं’ आहे, कोणीतरी काहीतरी केलं तेव्हा ते झालं. ‘मी समाधान मानलं’ यातच काय तो मी ‘मी’ आहे. तिथे दुकानदाराला काही काम उरत नाही.

पण मानण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. क्रीडापानावर रोज वाचतो, ‘रौप्यपदकावर समाधान मानावे लागले’. हे समाधान म्हणजे चक्क निराशा आहे. लोकलमध्ये चौथ्या सीटवर समाधान मानणारा अर्धा अधांतरी बसलेला असतो, त्याला सुखी कोण म्हणेल? याउलट ‘आहे त्यात समाधान मानते’ असं एखाद्या बाईबद्दल म्हटलं की ते कौतुक असतं. फरक शब्दाला पुढे काय जोडलंय त्याचा आहे. ‘वर’ आला की हवं होतं ते हुकलंय आणि बदली काहीतरी हाती आलंय असं समजावं. ताकावर तहान भागवणं तेच. ‘त’ आला की माणूस त्या गोष्टीच्या आत आहे. ‘आहे त्यावर समाधान मानलं’ असंही लोक म्हणतात, तेव्हा हा काही काठी घेऊन राबवायचा नियम नव्हे. कल मात्र असा आहे. आणि ‘लागले’ जोडलं की शंका उरतच नाही.

या शब्दाचं माझ्या मते सगळ्यात नेमकं क्रियापद 17व्या शतकात तुकोबांनी वापरलंय: ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान’. मिळवावे असं ते म्हणत नाहीत. मानावे असंही नाही. असो द्यावे! म्हणजे ते चित्तात आधीच आहे, आपण फक्त त्याला तिथून हुसकावू नये. कीर्तनात ही ओळ बहुतेक वेळा ‘गप्प बसा, आहे ते सोसा’ या अर्थाने ऐकवतात, ते मला पटत नाही. पहिल्या चरणातलं ‘ठेविले’ आणि ‘समाधान’मधला ‘धा’ दोन्ही ठेवण्याचेच आहेत, हा योगायोग असेल, पण कानाला सुखावतो खरा.

मग खरेदीने काय होतं? त्यासाठी मराठीत वेगळा शब्द आहे, हौस. हौस ‘फिटते’. कर्ज फिटतं, नवस फिटतो, डोळ्यांचं पारणं फिटतं, तशी. फिटली की संपली, पुढच्या दिवाळीला नवी. मूळ शब्द अरबी ‘हवस’, फारसीतून आपल्याकडे आला आणि इथे अगदी निरागस झाला. झवेरी बाजारात ‘हौसेला मोल नाही’ म्हणत आपण आनंदाने पाकीट उघडतो. तोच ‘हवस’ हिंदीत उच्चारला तर भलत्याच भुवया उंचावतील. हौस वाईट नाही. ती पुरवता येते आणि दुकानं तिच्यासाठीच असतात. हाव मात्र ‘सुटते’, तिला ‘फिटणे’ लावून बघा, वाक्यच होत नाही. गरज ‘भागते’. समाधान यातलं काहीच करत नाही, ते फिटतही नाही आणि भागतही नाही. रानडे रोडच्या पाटीवर ‘खरेदीची खरी हौस’ असतं तर आईंची तक्रार राहिली नसती, असं मला वाटतं.

जाता जाता ‘समाधानी’च्या नातलगांबद्दल. ‘समाधानकारक’ हा बिचारा शब्द कधीच पार घसरलाय. मुलाची प्रगती समाधानकारक म्हणजे बेताची, आणि तलावक्षेत्रात समाधानकारक पाऊस म्हणजे मुंबईची पाणीकपात तूर्त टळली एवढंच. ‘अल्पसंतुष्ट’ तर उघड टोमणा आहे, थोडक्यात खूश होऊन हातपाय हलवणं सोडणाऱ्याला मारलेला. तो ‘समाधानी’च्या जागी वापरू नये. समाधानी माणूस नोकरी बदलू शकतो, मोठं घर घेऊ शकतो, मंगलदास मार्केटात चार तास कापड चाळू शकतो. अल्पसंतुष्ट माणूस दुसरं ठाणच उलगडून बघत नाही.